लाखीला दुखतं का

आमच्या लॅबच्या मागे, रिकाम्या सिलिंडरांशेजारी
एक मेंढी बांधलेली असते. नाव लाखी.
दर मंगळवारी तिच्या मानेतून थोडं रक्त घ्यायचं,
आगरात मिसळायचं, प्लेटी ओतायच्या,
हे माझं काम. तेवीस वर्षं.
दांडिया बाजारातल्या आत्याला अजून वाटतं
मी दवाखान्यात काहीतरी रांधते.
तसं ते खोटंही नाही.

लाल प्लेट. तिच्यावर घशातला कापूस फिरवायचा,
रात्रभर सदतीस अंशांत झाकून ठेवायची
आणि सकाळी खिडकीशी धरायची.
जिथं ते वाढलं असेल
तिथलं रक्त खाल्लेलं असतं.
आरपार उजेड येतो.
उजेड आला की मी वहीत वाईट बातमी लिहिते.

सावली वेस्ता राठवा. वय नऊ.
गाव कवांटच्या पुढं, बस जिथं वळते
तिथून दोन डोंगर.
घसा तर महिन्यापूर्वीच बरा झालेला.
नुसत्या घशासाठी कोण बडोद्याला येतं?
मग गुडघा सुजला. तो उतरला, तर घोटा.
मग मनगट.
दुखणं आगंतुक पाहुण्यासारखं
एका खोलीत टिकेना.
बडव्यानं दाणे मोजले,
बापानं भिंतीवर घोडे काढायचा नवस बोलला,
आणि पाहुणा सगळ्यात आतल्या खोलीत जाऊन बसला.
एकोच्या पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलं,
दार आहे, उघडतंय,
पण नीट लागत नाही.

तिच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही.
उगवलं धाकट्याच्या, बरोबर आलेल्या गोविंदच्या,
ज्याला काहीही होत नव्हतं,
जो माझ्या स्टुलावर गरगर फिरत होता.
पाच पोरं, एक गोधडी.
मी विचारलं नव्हतं, वेस्ताभाईंनीच सांगितलं,
खाली मान घालून, चोरी कबूल करावी तसं.
मला कुठं ठेवावं कळेना ते वाक्य.
फॉर्मवर तसा रकाना नाही.

सावलीला मी मायक्रोस्कोपखाली दाखवलं.
जांभळ्या मण्यांच्या माळा.
तिनं आधी स्वतःच्या गळ्यातले मणी चाचपले,
मग डोळा लावूनच विचारलं,
"कुणाची तुटली?"

दर एकवीस दिवसांनी एक सुई,
निदान एकवीस वर्षांची होईपर्यंत.
मी गुणाकार केला. कागद फाडला.
ती सुई जाड असते, औषध घट्ट,
थोरले पुरुषही पलंगाची कड धरतात.
ती रडली नाही. बाहेर येऊन लाखीपाशी बसली
आणि म्हणाली, "हिला दुखतं का?"
थोडं, मी म्हटलं.
"मग हिला काय देता?"
चारा.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला,
अर्धा, पिचलेला.

पुढच्या वेळी तिनं मक्याची पानं आणली,
ओढणीत बांधून, शंभर किलोमीटर.
त्याच्या पुढच्या वेळीही.
लाखी आता कवांटची बस आल्यासारखी
एकविसाव्या दिवशी मान वर करते,
असं मला वाटतं. मेंढीला कुठलं कॅलेंडर!

दिवाळीनंतर ती आली नाही.
बाविसावा. तेविसावा.
मी गावच्या नर्सबाईंना फोन लावला.
सगळी फळीच्या फळी काठियावाडात गेली,
कपाशी वेचायला. कार्ड?
कार्ड घरी, खुंटीला, पिशवीत.
मी म्हटलं, सुई कुठंही मिळते, कुठल्याही सरकारी दवाखान्यात,
फक्त कार्ड दाखवायचं.
पलीकडे थोडा वेळ शांत होतं.
मलाही ऐकू आलं मी काय बोलले ते.

आज मंगळवार. पाना-पाल्याचा भाजीवाल्याकडचा कचरा
मी दहा रुपयांना आणलाय.
लाखी हुंगते, खात नाही.
मी सुई धरून उभी आहे.
हलू नकोस, मी सांगते,
थोडंच दुखेल.
आणि मानेवरची लोकर बाजूला करताना
बोटाखाली तिची नाडी लागते,
आणि मी, कशाला कोण जाणे,
मोजत राहते.